‘मुलांना पाडायलाच बनवलंय’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. पाथर्डी फाट्याजवळ तुमच्या सोसायटीत आम्ही बसवलेली मुलांची चढायची दोरीची जाळी फार उंच आहे, मुलाचं कोपर सोलवटलं, रबराऐवजी वाळू टाकून आम्ही पैसे वाचवले, आणि आता सोसायटी फॅब्रिकेटरकडून वरच्या कठड्याला आडवे पाइप मारून घेणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. कोपर एव्हाना बरं झालं असेल. बाकीचं सविस्तर सांगतो.

आधी ते पाइप. ते कृपया लावू नका. कठड्याला आम्ही मुद्दाम उभ्या सळ्या दिल्यात आणि दोन सळ्यांमधली फट साडेतीन इंचांच्या आत ठेवलीय. ईएन 1176 हे खेळाच्या साहित्याचं युरोपियन स्टँडर्ड आहे. त्यात 89 ते 230 मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेतीन ते नऊ इंचांची बंदिस्त फट उंचावर चालत नाही. कारण मूल पाय आधी घालतं, धड सरकन जातं आणि डोकं वर अडकतं. पाय जमिनीला टेकत नाहीत. पुढचं लिहीत नाही. त्यात आडव्या पाइपांची आयती शिडी होते. कठड्यावर पाय देऊन पलीकडे वाकायला मुलांना तेवढं पुरतं. फॅब्रिकेटर काम भक्कमच करेल, पण फटीचं माप त्याला कोणी दिलेलं नसतं.

जाळी सव्वासात फूट, म्हणजे 2.2 मीटर आहे. स्टँडर्डची कमाल मर्यादा 3 मीटर. उंची मुलाला दिसते. ते घाबरतं, एक दोरी सोडण्याआधी दुसरी घट्ट धरतं, नाही जमलं तर खाली उतरतं. साडेतीन इंचांची फट त्याला दिसत नाही. म्हणून फटीत आम्ही सूतभरही सूट देत नाही आणि उंची मात्र ठेवतो. अर्धी केली तर आठ-नऊ वर्षांची पोरं दोन दिवसांत कंटाळतील आणि कंपाउंडच्या भिंतीवर नाहीतर बोगद्याच्या छतावर चढतील. तिथे खाली वाळू नसते.

जाळीची पहिली दोरीही उगाच वर बांधलेली नाही. ज्याचा पाय तिथे पोचत नाही, त्याने वर जाऊच नये. पण तीन वर्षांच्या बाळाला उचलून मधल्या दोरीवर बसवायचं आणि फोटो काढायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यावर माझ्याकडे डिझाइन नाही.

आता वाळू. 25 मिलिमीटरची रंगीत रबर टाइल काँक्रीटवर छान दिसते, पण या उंचीवरून डोक्यावर पडणाऱ्या मुलाला ती पुरत नाही. जाड रबर चालतं, त्याचं कोटेशनही कमिटीला दिलं होतं. वाळूचा थर 30 सेंटिमीटर लागतो आणि पायांनी उडते म्हणून वर 10 जास्त. ती मोकळी हवी. पुढे भर घालताना बांधकामाची क्रश सँड टाकू नका. ती दबून घट्ट बसते आणि पाऊस पडून गेला की जमीनच होते. जाळीखालची वाळू दर आठवड्याला दाताळ्याने हलवायला वॉचमनला सांगा. मांजरं वाळूत घाण करतात ही तुमची तक्रार रास्त आहे, रात्री ताडपत्री टाका.

घसरगुंडी मे महिन्यात तापते, हेही खरं. आमच्या ड्रॉइंगमध्ये तिचं तोंड उत्तरेला होतं. पार्किंगसाठी ते पश्चिमेला फिरवलं गेलं. आता वर शेडनेट हा सोपा उपाय आहे.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही: वर चढताना ओढणी, गळ्यातला दोरा आणि सायकलचं हेल्मेट काढून ठेवायला सांगा. तिन्ही अडकतात.

शनिवारी सकाळी अंबडच्या वर्कशॉपमधून आमचा माणूस वाळूची खोली आणि कठड्याच्या फटी मोजायला येईल, पैसे लागणार नाहीत. मापं तुमच्यासमोरच घेऊ. तोवर फॅब्रिकेटरला थांबवा.