आतडे कापलेल्या माणसाला ‘चार लिटर पाणी प्या’ सांगू नका

गेल्या पंधरवड्यात एक संदेश मुंबईतल्या अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता आणि फिरत फिरत तो लालबागला माझ्या मामींच्या फोनवर पोहोचला. त्याचा मथितार्थ असा: आतड्याच्या ऑपरेशननंतर अन्न अंगी लागत नसेल तर तो ‘मालॲब्सॉर्प्शन’ नावाचा एकच आजार असतो, गव्हाच्या त्रासासारखाच, म्हणून गहू बंद करावा, रोज चार लिटर साधे पाणी आणि नारळपाणी प्यावे, बी-१२ च्या गोळ्या घ्याव्यात, म्हणजे वर्षभरात कापलेले आतडे पुन्हा वाढते. मामींनी तो विश्वासाने वाचला आणि मामांना त्याच दिवसापासून पाणी पाजायला सुरुवात केली.

आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी झाल्यामुळे मामांचे बरेचसे लहान आतडे काढावे लागले आहे आणि उरलेल्या आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावलेली आहे. मामी ती पिशवी मोरीत निळ्या मापाच्या जगमध्ये रिकामी करतात आणि आकडा शंभर पानी वहीत लिहितात. एरवी दिवसाला दीड लिटरच्या आसपास राहणारा तो आकडा तिसऱ्या दिवशी तीन लिटरवर गेला, रात्री मामांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, जीभ कोरडी पडली आणि तहान भागेना. तहान लागते म्हणून आणखी पाणी, आणि पाणी प्यायले की पिशवी आणखी भरते, असे ते चक्र सलाईन लावल्यावरच थांबले.

हे का झाले, ते समजून घ्यायला हवे. लहान आतड्याच्या वरच्या भागाचे, म्हणजे जेजुनमचे, अस्तर फार झिरपणारे असते. तिथे सोडियम कमी असलेले पाणी गेले की रक्तातले सोडियम आतड्याच्या पोकळीत उतरते आणि त्याच्यामागे पाणीही जाते. ज्याचे पुढचे आतडे शाबूत आहे त्याच्या शरीरात ते पुढे शोषले जाते. मामांच्या बाबतीत पुढे आतडेच नाही, आहे ती पिशवी. अशा रुग्णाला साधे पाणी मोजून, बहुधा दिवसाला अर्धा ते एक लिटरच देतात आणि बाकीची तहान मीठ-साखरेच्या दाट द्रावणावर भागवतात. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, हे त्याचे रूढ प्रमाण आहे. त्यातून लिटरमागे साधारण ९० मिलिमोल सोडियम मिळते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फारच कमी, म्हणून ते इथे साध्या पाण्याच्याच पंगतीत बसते.

आता ‘एकच आजार’ या दाव्याकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती कोणीही उघडून पाहावी. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिएक आजार तिथे के ९०.० या संकेतांकाखाली आहे आणि त्याच के ९० गटाच्या माथ्यावर स्पष्ट लिहिले आहे की, पचनमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतरचे अपशोषण, म्हणजे मालॲब्सॉर्प्शन, यात धरू नये, ते के ९१.२ मध्ये जाते. जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचा डम्पिंगचा, म्हणजे अन्न भराभर आतड्यात उतरण्याचा, त्रास आणखी वेगळा, के ९१.१. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने ज्या दोन गोष्टी एक केल्या, त्या वर्गीकरणाने मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. सीलिएकची तपासणी न करता मामांची पोळी बंद करणे म्हणजे आधीच खंगलेल्या माणसाच्या ताटातून उगाच घास काढून घेणे आहे.

शिवाय के ९१.२ च्या आतही सगळे रुग्ण सारखे नसतात. कोणाचे जेजुनम थेट पोटावर उघडते, कोणाचे मोठ्या आतड्याला जोडलेले असते, तर कोणाचे इलियमचे, म्हणजे लहान आतड्याच्या खालच्या भागाचे, टोक आणि मोठे आतडे दोन्ही वाचलेले असतात. इलियमचा शेवटचा भाग सुमारे १०० सेंटिमीटरपेक्षा कमी काढलेला असेल, तर न शोषलेली पित्ताम्ले, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करणारी पित्तातली आम्ले, मोठ्या आतड्यात जाऊन जुलाब लावतात आणि ती बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामीन या औषधाने आराम पडतो. त्याहून जास्त काढला असेल, तर मुळात पित्ताम्लेच अपुरी पडतात, स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि तेच औषध त्रास वाढवू शकते. तक्रार दोघांचीही जुलाबाचीच, पण उपाय अगदी उलटा. ज्यांचे मोठे आतडे जोडलेले आहे त्यांना ऑक्झलेटच्या मूतखड्यांची भीती असते. मामांना ती तितकी नाही.

बी-१२ चे शोषण इलियमच्या त्याच शेवटच्या भागात होते. तो भाग गेला असेल तर साध्या गोळीचा भरवसा धरता येत नाही, बहुतेकांना नियमित इंजेक्शन घ्यावे लागते.

आतडे वाढते, या वाक्यात अर्धे सत्य आहे, हे मला मान्य करावे लागेल. उरलेले आतडे पहिल्या एक-दोन वर्षांत जुळवून घेते, त्याच्या आतल्या रसांकुरांची, म्हणजे अन्नरस शोषणाऱ्या बारीक उंचवट्यांची, उंची वाढते आणि शोषण सुधारते. पण कापून काढलेला भाग पुन्हा उगवत नाही, आणि तो उगवेल या आशेवर कोणी औषधे किंवा सलाईन थांबवले तर त्याचा जीव धोक्यात येईल.

मामांच्या ऑपरेशनच्या कागदावर ‘जेजुनम सुमारे ११० सेंटिमीटर शिल्लक, टोक पोटावर’ अशी एक ओळ आहे. इतके दिवस ती फाइलमध्ये तळाशी पडून होती. आता मामींनी ती वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतली आहे आणि खाण्यापिण्याचा कोणताही सल्ला आला की आधी ती ओळ डॉक्टरांना वाचून दाखवायची, असे आमचे ठरले आहे. काल जगमधला आकडा चौदाशे मिलिलिटर होता.