पॉपकॉर्न छत : ‘पाणी मारा आणि खरवडा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये एक मजकूर पुन्हापुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : छताला पॉपकॉर्नसारखा खडबडीत थर असेल तर तो काढण्यासाठी कंत्राटदाराला पैसे देण्याची गरज नाही, घर 1978 नंतरचे असेल तर ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे श्वासातून फुप्फुसात गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय खनिजाचा, प्रश्नच येत नाही, त्याआधीचे असले तरी थर ओला केला की धोका उरत नाही, आणि पाणी मारून रुंद पात्याने खरवडले की शनिवार-रविवारात छत गुळगुळीत होते. शेवटी खास आपल्या लोकांसाठी एक वाक्य असते : ‘गावाकडे आपण सिमेंटच्या पत्र्याखालीच वाढलो, काय झाले आपल्याला?’ लिहिणाऱ्याचा हेतू चार पैसे वाचवण्याचा आहे आणि त्यात वावगे काही नाही. मात्र यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे आहे, आणि जे अर्धे गाळले आहे त्यातच घरच्यांची छाती आणि खिसा दोन्ही अडकलेले आहेत.

आधी 1978 या सालाबद्दल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1973 साली आगरोधक आणि उष्णतारोधक थरांसाठी ॲस्बेस्टॉसयुक्त मिश्रण फवारण्यावर बंदी घातली आणि 1978 साली ती शोभेच्या थरांनाही लागू केली, हे खरे. परंतु आधीच तयार होऊन बाजारात गेलेला माल त्या दिवशी नाहीसा झाला नाही. तो पुढेही वापरला गेला, आणि म्हणूनच ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या घरांतही असे छत सापडते. मला वाटते, हे साल लोकांच्या डोक्यात इतके पक्के बसण्याचे आणखी एक कारण आहे : घरगुती रंगांतील शिशावरची बंदीही 1978 सालचीच, आणि घर घेताना शिशाच्या रंगाबद्दलच्या कागदावर सही करताना तोच आकडा समोर येतो. दोन वेगळ्या नियमांची अशी गल्लत होते. शिवाय घराचे साल म्हणजे छताचे साल नव्हे. न्यू जर्सीतील आमचे घर 1981 सालचे. मजकुराच्या हिशेबाने पूर्णपणे निर्धोक. दिवाणखान्याच्या छताच्या नमुन्यात तीन टक्के क्रिसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉसचाच एक प्रकार, निघाले, आणि मुलांच्या खोलीच्या छतात काहीच निघाले नाही, कारण ते मागाहून कोणीतरी नव्याने केलेले होते. दोन्ही छतांकडे मान वर करून कितीही वेळ पाहिले तरी मला फरक दिसला नव्हता.

याचा अर्थ तपासणीला पर्याय नाही, आणि ती अवघडही नाही. पंखा आणि वातानुकूलन बंद करून, जागेवर साबणाचा थेंब टाकलेले पाणी फवारून, चमचाभर थर अलगद सोडवून झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. ती जागा लगेच रंगाने बंद करायची. ज्याला हेही स्वतः करायचे नसेल त्याच्यासाठी परवानाधारक तपासनीस असतात. एकाच नमुन्यावर विसंबू नये. मिश्रण हाताने कालवून फवारलेले असे, त्यामुळे ते सगळीकडे सारखे नसते; शाळांसाठीच्या नियमांत हजार चौरस फुटांपेक्षा लहान क्षेत्रालाही तीन नमुने सांगितले आहेत आणि तोच दंडक घरात पाळणे शहाणपणाचे. एक टक्क्याहून जास्त ॲस्बेस्टॉस असलेला थर कायद्याच्या दृष्टीने ॲस्बेस्टॉसयुक्त ठरतो.

‘ओले केले की धोका नाही’ हे विधान फसवे आहे, कारण त्याचा पूर्वार्ध खरा आहे. ओल्या थराची धूळ खूपच कमी उडते आणि परवानाधारक कामगारही थर ओला करूनच काढतात. परंतु खाली पडलेला चिखल वाळतो, पायांना लागून दुसऱ्या खोलीत जातो, त्याची पूड होते, आणि मग कोणीतरी उत्साहाने घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो, ज्याच्या गाळणीतून सूक्ष्म तंतू पार होऊन मागच्या बाजूने खोलीभर पसरतात. हे तंतू हवेत तासन्‌तास तरंगतात. परवानाधारक कामगार ओले करतात त्याबरोबर खोलीचे तापन-शीतनाचे झरोके बंद करतात, सहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे प्लास्टिक लावतात, हवा सूक्ष्म तंतूही अडवणाऱ्या हेपा गाळणीतून बाहेर काढतात, त्या कामासाठीचा श्वसनमुखवटा घालतात आणि कचरा दुहेरी पिशव्यांत बंद करून तो स्वीकारणाऱ्या जागीच पाठवतात. मजकुरात यातले फक्त पाणी उरले आहे. त्यातही छतावर कधी तेलाच्या किंवा लॅटेक्सच्या रंगाचा हात दिलेला असेल तर पाणी आत शिरतच नाही. वरून ओघळते आणि पाते कोरड्या थरावर चालते.

सिमेंटच्या पत्र्याचा दाखला मनाला पटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर हवे. पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटने घट्ट धरलेले असतात. पत्रा कापला, भोक पाडले, फोडला किंवा वर्षानुवर्षे झिजला तरच ते सुटतात. पॉपकॉर्नचा थर बोटाने चुरगळतो. एकाच नावाचा पदार्थ दोन्हीकडे असला तरी मोकळे होण्याची त्याची तयारी सारखी नाही. दुसरे असे की, ॲस्बेस्टॉसचे आजार दिसायला बहुधा दोन ते चार दशके लागतात. ‘काय झाले’ हा प्रश्न विशी-तिशीत विचारून उत्तर मिळत नसते. आणि गावाकडे म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याला दमा म्हणून सोडून दिले जाते, पत्र्यांचा हिशेब कोण ठेवतो? भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणी थांबल्या, तरी आयात चालू आहे, पत्रे बनत आहेत. पण त्यावरून पत्रे निर्धोक ठरत नाहीत.

कायद्याबद्दल थोडक्यात : ॲस्बेस्टॉस काढण्याबद्दलच्या संघीय नियमातून चार किंवा त्याहून कमी सदनिकांच्या निवासी इमारती सहसा वगळलेल्या आहेत, म्हणून ‘कोणी विचारत नाही’ असे सांगितले जाते. राज्यांचे नियम वेगळे आणि पुष्कळदा कडक असतात, आणि मोठ्या संकुलातील सदनिकेला ती सवलत लागू होत नाही.

आता शनिवार-रविवारचा हिशेब. हा खडबडीत थर लोकप्रिय होण्याचे एक कारण आवाज शोषणे हे होते, पण बांधकाम करणाऱ्याला खरा फायदा दुसराच होता : त्याखालच्या ड्रायवॉलच्या (कागद चढवलेल्या जिप्समच्या फळ्यांच्या) सांध्यांवर नीट लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्याची गरज उरत नसे. म्हणजे थर काढल्यावर दिसते ते अर्धवट सोडलेले काम. मुलांच्या खोलीचा निर्धोक थर मी स्वतः काढला. तो एका सकाळीत उतरला. त्याखाली कागदी पट्टीचे सुटलेले सांधे, वर आलेल्या खिळ्यांची डोकी, जुन्या गळतीचा चहाच्या डागासारखा पिवळट वर्तुळाकार डाग आणि माझ्याच पात्याने फाटलेला ड्रायवॉलचा तपकिरी कागद होता. भर दुपारी ठीक वाटलेले छत संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की लाटांसारखे दिसे. लांबीचे तीन हात, प्रत्येक हातानंतर वाळण्याची वाट, घासणे, प्रायमर आणि रंग यांत पुढचे तीन शनिवार-रविवार गेले.

दिवाणखान्याच्या छताला आम्ही पाते लावलेच नाही. थर न काढता तो झाकणे ही मान्य पद्धत आहे आणि मजकुरात तिचा उल्लेखही नाही. परवानाधारक माणसाने तुळयांच्या जागा निश्चित करून, स्क्रूच्या जागी थर ओला करून, पाव इंची नवी ड्रायवॉल खालून बसवली. खोलीची उंची जेमतेम कमी झाली. प्रयोगशाळेचा अहवाल घराच्या कागदपत्रांत लावला आहे, आणि पोटमाळ्याच्या झडपेच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले आहे की दिवाणखान्यावर जुना थर तसाच आहे, दिव्यासाठी भोक पाडण्याआधी अहवाल पाहावा.