टाकीचा नियम बादलीला

"बिअर पाचव्या दिवशी दुसऱ्या भांड्यात काढा, फडक्यातून गाळा, तळाचं मेलेलं यीस्ट फेकून द्या, ते विष असतं." घरी बिअर करणाऱ्यांसाठीचा हा निरोप महिनाभरात मला चौघांनी पाठवला. मी अंधेरीत मायक्रोब्रुअरीत काम करतो, म्हणून मलाच विचारतात. शेवटचा विचारणारा भाचा, लीड्सला शिकणारा. "मामा, खरंय का हे?"

(इथल्या वाचकांसाठी: महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. ब्रिटनमध्ये घरच्यापुरत्या बिअरला १९६३पासून परवाना लागत नाही.)

पाचवा दिवस कुठून आला, याचा मला अंदाज आहे. मोठ्या टाक्या उंच, खाली निमुळत्या. टोकाशी साचलेल्या यीस्टवर वरच्या सगळ्या बिअरचा दाब, मधोमध ते तापतं, पेशी फुटतात आणि बिअरला रबरासारखा वास येतो. म्हणून आम्ही खालचा व्हॉल्व्ह उघडून साका, म्हणजे तळाला बसलेला यीस्टचा गाळ, सोडतो. भाच्याच्या २० लिटरच्या बादलीत साका बोटभर जाडीचा, पसरलेला. १८-२० अंशांना तो तीन-चार आठवडे काही बिघडवत नाही. उलट घाई नडते. फेस बसला तरी यीस्टचं काम चालूच असतं; आधी स्वतःच सोडलेली लोण्याची आणि हिरव्या सफरचंदाची चव ते मागाहून खाऊन टाकतं. भाच्याची पहिली बिअर बटरस्कॉचसारखी लागली होती, ती पाचव्या दिवशी काढल्यामुळेच. बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही, की मग काढावी. मुंबईच्या मे महिन्यात, ३३ अंशांत बादली ठेवायची असती, तर पेशी लवकर फुटल्या असत्या. निरोपात खरं असेल तर एवढंच.

फडकं मात्र निव्वळ खुळेपणा. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रॉनची, पंचाच्या विणीतून ती आरामात निघून जाते. वर गाळताना बिअरमध्ये हवा मिसळते आणि काही आठवड्यांनी ओल्या पुठ्ठ्याची चव येते. त्यापेक्षा दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, साका घट्ट बसतो. मग वरची निवळ सायफनने काढा. नळीचं एक टोक साक्याच्या वर, दुसरं खालच्या भांड्याच्या तळाशी, म्हणजे धार उडत नाही. शेवटच्या पेलाभर बिअरचा लोभ सुटत नाही, आणि नेमका तेव्हाच साका नळीत चढतो.

मेलेलं? बरंचसं जिवंत असतं. निवळ दिसणाऱ्या बिअरमध्येही दर मिलिलिटरला लाखो पेशी उरतात. बाटलीत साखर घातल्यावर फसफस त्याच करतात. आणि विष म्हणाल, तर जर्मनीत गव्हाची बिअर यीस्टसकट पितात. फार झालं तर पोटात गुबारा धरेल.

फेकायचंही कारण नाही. उकळून गार केलेल्या पाण्यासह स्वच्छ बरणीत, फ्रिजमध्ये, दोनेक आठवड्यांत पुढच्या बिअरला वापरता येतं. झाकण सैलच ठेवा. पावाला वापरायचा मोह आवरा. आमच्याकडे एकदा ब्रुअरीतला साका आणून बायकोने पाव केले. फुगले झकास, पण हॉप्समुळे (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) इतके कडू, की मिसळीबरोबरही खपले नाहीत.