डॉ. कोटणीस प्लेगची लस टोचून घेतल्यामुळे वारले नाहीत

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या खान्देशचे. चीनमध्ये प्लेगची लस स्वतःवर टोचून घेतली आणि त्यातच प्राण गेले." पाठवणाऱ्यांच्या मनात आदरच आहे, पण मजकूर चुकीचा आहे.

डॉ. कोटणीस सोलापूरचे. जन्म तिथलाच, १० ऑक्टोबर १९१०, आणि त्यांच्या घराचं स्मारकही तिथेच आहे. वैद्यकीय शिक्षण मुंबईत झालं. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले ते एक. बाकीचे चौघे परतले, हे मात्र जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत थांबले. पुढे बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले.

त्यांचा मृत्यू ९ डिसेंबर १९४२ रोजी झाला, तो अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या झटक्यांनी. वय अवघं बत्तीस. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान त्याच रुग्णालयाच्या कामात होत्या, नंतर भारतातही येऊन गेल्या. मृत्यूचं हे कारण पत्नीच्या आठवणींतूनही कळतं. प्लेगची गोष्ट पसरली ती बहुधा डॉ. कोटणीसांवरच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. आजारपण अंगावर काढत हा माणूस ऑपरेशन करत राहिला, हे खरं असताना बनावट गोष्टीची गरजच काय?

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, विशेषतः शाळांच्या ग्रुपवर, कारण मुलं हेच भाषणात बोलतात.