पासोदोब्लेमधली बाई म्हणजे बैल नव्हे

एका बॉलरूम नृत्याच्या व्हिडिओखाली सध्या हा मजकूर फिरतोय: 'पासोदोब्ले हे स्पेनचं प्राचीन लोकनृत्य. पुरुष मॅटाडोर, बाई बैल. नर्तक दोन-दोन पावलं टाकतात, म्हणून स्पॅनिशमध्ये नाव दुहेरी पाऊल.' मॅटाडोर म्हणजे बैलाशी झुंजणारा माणूस. पुरुष मॅटाडोर असतो एवढं सोडलं तर यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी नाव. 'पासो' म्हणजे पाऊल, 'दोब्ले' म्हणजे दुप्पट, इथपर्यंत बरोबर. पण दुप्पट होते ती चाल. पायदळाच्या संचलनात मिनिटाला सुमारे १२० पावलांची जलद चाल असे, तिच्यासाठी रचलेलं संगीत ते पासोदोब्ले. एनसीसीत 'तेज चल' केलेल्यांच्या पायांना हा वेग लगेच ओळखू येईल. बॉलरूम नृत्याच्या स्पर्धेतही ठेका जवळपास तेवढाच, आणि बहुतेक वेळा एका ठेक्याला एकच पाऊल पडतं.

'प्राचीन' तर मुळीच नाही. बैलझुंजीच्या रिंगणात मॅटाडोर मिरवत शिरतात तेव्हा बँड हेच संगीत वाजवतो. त्यावरून नाट्यमय बॉलरूम नृत्य घडलं ते विसाव्या शतकात, तेही मुख्यतः फ्रान्समध्ये. म्हणून त्यातल्या हालचालींची नावं आजही फ्रेंच आहेत: आपेल, स्यूर प्लास, सेपारासियों. स्पेनमधल्या गावजत्रेत जोडपी पासोदोब्ले नाचतात ते अगदी साधं, एकमेकांना धरून. तिथे कुणी मॅटाडोर नसतो.

मला सर्वांत जास्त खटकतं ते बाईला बैल ठरवणं. ती मुख्यतः मॅटाडोरच्या हातातलं, बैलाला हुलकावणी द्यायचं कापड असते. काही नृत्यदिग्दर्शक तिला बैल किंवा फ्लामेंको या स्पॅनिश नृत्यातली नर्तिका करतात, पण नृत्याची मूळ कल्पना कापडाचीच. पुरुष तिला एका बाजूने ओढून अंगाजवळून फिरवतो, तिचा घागरा वर्तुळात उघडतो, ती थबकते आणि पुन्हा झेपावते. बैल मानलं तर या फिरण्याला काही अर्थच उरत नाही. नाचणाऱ्या मुलीच्या शरीरावरही याचा परिणाम होतो. बैल समजून नाचणारी मान खाली घालून धावत सुटते. कापड व्हायचं तर पाठ ताठ हवी, आणि जोडीदाराने हात फिरवल्यावर क्षणभर मागे राहून, मग एकदम उलगडायचं कसब हवं.

स्पॅनिश संगीतकार पास्कुआल मार्किनाच्या 'एस्पान्या कान्यी' या रचनेवर स्पर्धेतली जोडपी वर्षानुवर्षं नाचत आली आहेत. तीत संगीत ठरावीक ठिकाणी चढत जाऊन थांबतं, आणि जोडीही नेमकी तिथेच थांबते. पुढच्या वेळी त्या थांब्यावर बाईकडे बघा.