‘ना’ची कहाणी

आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत तीस वर्षं मी तबला वाजवतोय, असा माझा समज होता. यंदा लेकीने आरतीचा व्हिडिओ काढला. त्यात नेमक्या झांजा थांबल्या आणि माझा तबला ऐकू आला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

म्हणून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी दादरला क्लास लावला. सरांनी विचारलं, “काही येतं?”

“थोडंफार,” मी उगाच विनयाने म्हणालो.

“तीनताल वाजवा.”

वाजवला. फास्ट लोकलसारखा, मधली स्टेशनं गाळत.

“आता सावकाश.”

इथे पितळ उघडं पडलं. सोळा मात्रांपैकी मला तेराच सापडल्या. ‘खाली’, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा गप्प ठेवायचा भाग, नवव्या मात्रेवर असते. माझा डग्गा सातवीलाच गप्प झाला. दुप्पट लयीत हे कधी कळलंच नव्हतं. मला ना कुणाला.

सरांनी तिसरी-चौथीतल्या पोरांच्या रांगेत बसवलं. (मांडी घालायलाच मला दोन मिनिटं लागली, ती वेगळी.) पाठ एकच: तबल्याचा ‘ना’ हा बोल. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला अलगद टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर, म्हणजे बाहेरच्या काठावर, वाजवायचं. ऐकायला सोपं. माझी अनामिका एक तर शाईवर ठाण मांडायची, नाहीतर हवेत तरंगायची. पहिल्या प्रकारात ‘ठक’, दुसऱ्यात नुसताच ‘टण्ण’. तीस वर्षं मी हे दोनच बोल वाजवत आलो होतो.

“काका, मनगट सैल सोडा,” शेजारची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. सैल सोडलं तर बोटच घसरलं. ती हसली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

मग घरी रोज अर्धा तास ना, ना, ना. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं, “तुमचं फर्निचरचं काम कधी संपणार हो?” लोकलमध्ये मांडीवरच्या डब्यावर सराव केला, तर समोरच्या गृहस्थांनी आपली बॅग जवळ ओढून घेतली.

तिसऱ्या शनिवारी मात्र एक ‘ना’ असा काही लागला की सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “हं.” वेण्यावाली तोवर केरवा तालाला पोचली होती, पण तिनेही मान वळवून पाहिलं.

येताना पाव किलो पेढे घेतले.

“कसले?” बायकोने दारातच विचारलं.

“ना आला!”

“आला ना? बरं झालं. पण कोण?”