नैसर्गिक फोटो

मामेबहिणीचा स्थळांना पाठवायचा फोटो स्टुडिओतला नको, 'नैसर्गिक' हवा, असं मामीने ठरवलं. कॅमेरा माझ्याकडे, म्हणून निसर्गाची जबाबदारीही माझ्यावर आली. मे महिना, गुहागरची पुळण, एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला समुद्र. निसर्गात कसलीच कमतरता नव्हती. वेळच काय ती कमी होती. आपल्याकडे मावळतीचा सूर्य रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. बिंब क्षितिजाला टेकलं की दोनेक मिनिटांत गुडूप. साडीच्या निऱ्यांना मात्र पाऊण तास लागतो.

सूर्य पाठीशी घेऊन मुलीला उभं केलं की केसांना सोनेरी कड येते, हे खरं. पण चेहरा तव्याच्या बुडासारखा दिसतो. एक्स्पोजर वाढवावं तर मागचं आकाश पांढरंफटक. यावर उपाय चेहऱ्यावर उजेड परतवणारा रिफ्लेक्टर, आणि तो पुण्यात. मामाने घरून स्टीलची परात आणली. तिचा कवडसा डोळ्यांत गेल्यावर बहिणीने डोळे मिटले ते उघडेचनात. शेवटी एका मासेवाल्या काकांच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण मागून आणलं. काय उजेड पडला! मऊ, एकसारखा. फक्त झाकणाला बांगड्यांचा वास असल्याने ते जवळ नेलं की तिचं नाक वर जायचं.

मग वारा. दिवसभर जमीन तापते, म्हणून संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो. म्हणजे जिकडे सूर्य, तिकडूनच वारा. सूर्याकडे पाठ करणाऱ्याचे केस तोंडातच जाणार.

"दादा, थू... आटप ना लवकर!"

मामाची छत्री पहिल्याच झोताला उलटी झाली. मग मामी लेकीच्या मागे वाळूत उकिडवी बसली आणि केस मुठीत गच्च धरून राहिली.

"मामी, अंबाडा दिसतोय. अजून खाली."

"अरे, खाली खेकड्याचं बीळ आहे!"

"आता सहज हस," मी बहिणीला म्हणालो. मागून केस ओढलेले, पुढून बांगडा. तरी ती हसली, आणि झकास हसली.

तेवढ्यात सूर्य क्षितिजाला न टेकताच धुरकटात विरून गेला. मे महिन्यात हे नेहमीचंच. फ्लॅश लावला तर चेहरा पिठूळ. नारिंगी गोळीचा पारदर्शक कागद फ्लॅशवर धरला, चिकटवायला मामीच्या पाकिटातल्या टिकल्या. मॅचिंग नव्हत्या, पण चिकटल्या.

"झाकान द्या वो, बरफ इरघळतोय," म्हणत काका आले. झाकण हातात घेतलं आणि तिथेच घुटमळले.

"वायच माजा पन काडा. आधारवरला लय वंगाळ आलाय."

काका दोन्ही हात मांडीला चिकटवून ताठ उभे राहिले. त्यांना टक्कल. मामी मोकळीच होती, तिने झाकण धरलं.